घरबसल्या फ्रेंच शिकताना उत्साह टिकवावा कसा

सांगली-मिरजेत इंग्रजी संभाषणाच्या शिकवण्या गल्लोगल्ली सापडतात. फ्रेंचचे तसे नाही. नियमित वर्ग, परीक्षा केंद्र आणि फ्रेंच पुस्तकांचे ग्रंथालय एका ठिकाणी हवे असेल तर पुणे गाठावे लागते, आणि नोकरी, दुकान किंवा द्राक्षबाग सांभाळून आठवड्यातून दोनदा पुण्याची वारी करणे फारच थोड्यांना जमते. त्यामुळे येथे फ्रेंच शिकणारा मनुष्य बहुतेक वेळा मोबाइल, एखादे पुस्तक आणि स्वतःची चिकाटी यांच्यावरच विसंबून असतो. साधनांची टंचाई मात्र आता उरलेली नाही. उलट ती इतकी झाली आहेत की पहिल्या महिन्यात पाच अ‍ॅप, तीन पुस्तके आणि डझनभर यूट्यूब वाहिन्या गोळा होतात, दुसऱ्या महिन्यात यांतले काय आधी करावे हेच कळेनासे होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळेच बाजूला पडते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की साधने अनेक असावीत, पण प्रत्येकाला एकच काम नेमून दिलेले असावे. आणि कंटाळा आला की तो नेमका कशाचा आला आहे हे ओळखूनच साधन बदलावे.

कारण आणि मुदत

‘फ्रेंच यायला हवे’ हे कारण पुरेसे नाही, कारण ते कधी पूर्ण झाले हे सांगता येत नाही. ‘पुढच्या वर्षी डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए-२ पातळी द्यायची’, ‘कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये राहणाऱ्या बहिणीच्या सासरच्या मंडळींशी दहा मिनिटे बोलायचे’, ‘द्राक्षांवरील फ्रेंच माहितीपत्रक शब्दकोश न उघडता वाचायचे’ अशी कारणे चालतात. ते वहीच्या पहिल्या पानावर मुदतीसह लिहून ठेवावे.

मुदत ठरवताना हिशेब खरा असावा. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत भाषेच्या प्राथमिक ए-१ पासून प्रगत सी-२ पर्यंत अशा सहा पातळ्या आहेत. फ्रेंचसाठी सर्वसाधारणपणे दिला जाणारा अंदाज असा की ए-१ ला ६० ते १०० तास, ए-२ पर्यंत एकूण १६० ते २०० तास आणि बी-१ पर्यंत ३६० ते ४०० तास लागतात. हे तास शिक्षकासमोरचे आहेत; चुका दाखवणारा कोणी नसताना त्यांत भर पडते. रोज पाऊण तास दिला तर वर्षाचे सुमारे २७० तास होतात, म्हणजे वर्षअखेर ए-२ पक्की आणि बी-१ कडे वाटचाल ही वाजवी अपेक्षा झाली. ‘तीन महिन्यांत अस्खलित फ्रेंच’ असे सांगणाऱ्या जाहिराती पाहून जो सुरुवात करतो, त्याची चौथ्या महिन्यात निराशा होणारच, आणि त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नसतो.

एक मुख्य पुस्तक, शेवटच्या पानापर्यंत

सगळ्या साधनांमध्ये एक असे असावे की जे बदलायचे नाही. ते छापील पुस्तक असणे बरे, कारण अ‍ॅपमध्ये आपण कुठवर आलो हे कळत नाही आणि पुस्तकात ते बोटाला लागते. ए-१ पातळीचे, ध्वनिफिती आणि उत्तरे सोबत असलेले कोणतेही पाठ्यपुस्तक चालेल. उत्तरे नसलेले पुस्तक कितीही चांगले असले तरी एकट्याने शिकणाऱ्याच्या कामाचे नाही. व्याकरणाच्या सरावासाठी ‘ग्रामेर प्रोग्रेसिव्ह’ मालिकेची मांडणी सोयीची आहे: डाव्या पानावर नियम आणि समोरच्या उजव्या पानावर त्याच नियमाचे स्वाध्याय. रोज एक जोडपान केले तरी पुरते. उत्तरांची पुस्तिका वेगळी विकली जाते, ती सोबतच मागवावी.

हे पुस्तक संपेपर्यंत दुसरे मुख्य पुस्तक घेऊ नये. मित्राने अधिक चांगले सुचवले तर त्याचे नाव वहीच्या मागच्या पानावर टिपावे आणि पुढे चालावे.

मराठीचा आधार घ्यावा, इंग्रजीचा नव्हे

बाजारातली बहुतेक साधने इंग्रजीतून फ्रेंच शिकवतात. त्यामुळे मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला एकाच वेळी दोन परक्या भाषांशी झुंजावे लागते आणि आपल्याला हे जमणार नाही असे वाटू लागते. प्रत्यक्षात फ्रेंचच्या ज्या गोष्टी इंग्रजी भाषकाला चमत्कारिक वाटतात, त्यांतल्या बऱ्याच आपल्या घरच्याच आहेत.

उच्चारांपासून पाहू. फ्रेंचमधील ‘त’ आणि ‘द’ हे आपल्या ‘त’ आणि ‘द’सारखे दंत्य आहेत. शाळेत इंग्रजी शिकताना लागलेली ‘ट’ आणि ‘ड’ची सवय फ्रेंचमध्ये नेली की उच्चार बिघडतो, ‘तू’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ती टेकवावी. ‘प’, ‘त’, ‘क’ हे वर्णही फ्रेंचमध्ये आपल्यासारखेच अल्पप्राण आहेत, इंग्रजीसारखे हवेच्या झोतासह उच्चारले जात नाहीत. कष्ट पडतात ते अनुनासिक स्वरांना, घशातून येणाऱ्या ‘र’ला आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून आतून ‘ई’ म्हणायच्या स्वराला. हे तीन मात्र देवनागरीत लिहून शिकता येत नाहीत. फोर्व्हो या संकेतस्थळावर फ्रेंच माणसांच्या तोंडून एकेक शब्द ऐकता येतो. तेथे ऐकून, स्वतःचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, दोन्ही लागोपाठ वाजवून पाहावेत.

व्याकरणात तर आपली सोय अधिकच आहे. नामाला लिंग असते आणि विशेषण त्याप्रमाणे बदलते, ही गोष्ट ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक नाम लिंगासह पाठ करण्याचे कष्ट तेवढे उरतात. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ हा भेद ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच आहे. भूतकाळाचा एक नियम तर इंग्रजी पुस्तके दोन-दोन पाने खर्चून समजावतात: कर्म क्रियापदाच्या आधी आले तर धातुसाधिताने त्या कर्माचे लिंग घ्यायचे. मी लिहिलेली चिठ्ठी, मी लिहिलेला लेख, यात ‘लिहिणे’ कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते, हे आपण विचार न करता बोलतो. फ्रेंचमध्ये चिठ्ठी स्त्रीलिंगी असल्याने ‘एक्री’चे ‘एक्रीत’ होते, इतकेच. फरक एवढाच की मराठीत ‘मी चिठ्ठी लिहिली’ या साध्या वाक्यातही हे घडते, तर फ्रेंचमध्ये कर्म आधी आले तरच घडते. वहीत प्रत्येक नव्या नियमासमोर शेजारी मराठी वाक्य लिहिण्याची सवय लावली, तर निम्मे व्याकरण ओळखीचे वाटू लागते, आणि ओळखीच्या गोष्टीचा कंटाळा उशिरा येतो.

अंकांचेही तसेच. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-सतरा अशी फ्रेंच मोजणी नवख्याला घाबरवते. ज्याच्या आजीने ‘चार विसा’ अशी मोजणी केलेली आहे त्याने घाबरू नये. फ्रान्समध्ये दूरध्वनी क्रमांक दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात. आपला, घरच्यांचा, दुकानाचा क्रमांक तसाच मोठ्याने म्हणावा. पंधरवड्यात अंक बसतात.

प्रत्येक साधनाला एक काम

मुख्य पुस्तकाशिवाय तीन साधने पुरेशी आहेत: एक शब्दांसाठी, एक ऐकण्यासाठी, एक बोलण्यासाठी. वाचनाचे साधन ए-२ च्या सुमारास जोडावे.

शब्दांसाठी अंकी हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते विनामूल्य आहे, आयफोनवर मात्र विकत घ्यावे लागते. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि पुढे मंदावतो, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते. अंकी त्याच तत्त्वावर चालते: जे आठवले ते अधिक दिवसांनी विचारते, जे विसरले ते लवकर विचारते. इतरांनी तयार केलेला पाच हजार शब्दांचा संच उतरवून घेऊ नये. स्वतःच्या पुस्तकातले वाक्य घ्यावे, एक शब्द गाळून कार्डाच्या एका बाजूला ते वाक्य आणि मराठी अर्थ लिहावा, दुसऱ्या बाजूला पूर्ण वाक्य आणि त्याचा ध्वनी ठेवावा. नाम असेल तर त्याच्या लिंगदर्शक उपपदासह. रोज नवी कार्डे दहाच्या वर नकोत. चार दिवस खंड पडला की उजळणीची दीडशे कार्डे समोर येतात आणि तिथेच बरेच जण अंकी कायमचे बंद करतात. अशा वेळी नव्या कार्डांची संख्या शून्यावर आणावी आणि फक्त वीस मिनिटांचा गजर लावून जुनी जेवढी होतील तेवढी करावीत. आठवडाभरात ढीग संपतो.

ऐकण्यासाठी पहिल्या काही महिन्यांत टीव्ही ५ मोंद या वाहिनीचे फ्रेंच शिकवणारे मोफत संकेतस्थळ घ्यावे. तेथे पातळीनुसार छोट्या चित्रफिती आणि त्यांवरचे स्वाध्याय आहेत. ए-२ पूर्ण होत आल्यावर रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलचे सोप्या फ्रेंचमधले दहा मिनिटांचे दैनंदिन बातमीपत्र सुरू करावे. त्याची संहिता संकेतस्थळावर मिळते, पण ती उघडण्याची घाई करू नये. पहिल्यांदा नुसते ऐकावे आणि कानाला सापडलेली नावे, देश, आकडे कागदावर टिपावेत. तेवढ्यावरून कोणत्या बातम्या आहेत याचा अंदाज बांधावा. दुसऱ्यांदा एकच बातमी निवडून ती वाक्यावाक्याला थांबवत ऐकावी. तिसऱ्यांदा संहिता समोर ठेवून, जो शब्द आपल्याला ठाऊक असूनही ऐकू आला नव्हता त्याखाली रेघ मारावी. या रेघा फार महत्त्वाच्या आहेत. फ्रेंचमध्ये शब्दाचे शेवटचे व्यंजन बहुधा मूक असते, पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की ते अनेकदा जागे होते: ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’ होते. कागदावर ओळखीचे वाटणारे शब्द कानाला अनोळखी का वाटतात, हे रेघांवरून कळते. शेवटी तेवढाच परिच्छेद निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने म्हणावा. एका बातमीला यात वीस-पंचवीस मिनिटे जातात; सगळे बातमीपत्र असे करण्याचा हट्ट धरू नये.

ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपविषयी बरेच जण विचारतात. बँकेच्या रांगेत किंवा सांगली-मिरज शहर बसमध्ये उभ्या उभ्या करण्यापुरते ते चांगले आहे. मात्र त्यातील सलग दिवसांचा आकडा म्हणजे प्रगती असे समजू नये. तो आकडा टिकवण्यासाठी रात्री पावणेबाराला सर्वांत सोपा धडा उरकणारे अनेक आहेत.

कंटाळ्याची जात ओळखावी

उत्साह ओसरला की आपण तो आळस समजतो आणि स्वतःला दोष देतो. कंटाळा चार प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

साधन फार अवघड झाले की डोके जड होते आणि पुस्तक उघडायला नको वाटते. तेव्हा एक पातळी खाली यावे. जुना धडा पुन्हा ऐकावा, चित्रफितीचा वेग पाऊणपट करावा. ‘ल पती प्रँस’ हे प्रसिद्ध पुस्तक पहिले वाचन म्हणून अनेक जण सुचवतात, परंतु त्यात बोलण्यात न वापरला जाणारा लिखित भूतकाळ पानोपानी येतो, आणि ए-१ ची पुस्तके तो शिकवतच नाहीत. ते बी-१ पर्यंत ठेवून द्यावे आणि तोवर पातळी छापलेली सोपी वाचनपुस्तके घ्यावीत.

साधन फार सोपे झाले तर कंटाळा झोपेसारखा येतो. स्वाध्याय बरोबर येतात, पण मन लागत नाही. येथे धडे गाळून थेट घटक चाचणी सोडवावी आणि ती जमली तर पुढे जावे.

तिसरा कंटाळा एकटेपणाचा. घरात कोणाला त्यातले काही कळत नाही, ‘अजून फ्रेंच चाललंय का?’ एवढीच चौकशी होते. याला पुस्तक कामाचे नाही, माणूसच हवा.

चौथा आणि सर्वांत चिवट प्रकार म्हणजे प्रगती दिसेनाशी होणे. ए-२ नंतर तो बहुतेकांना गाठतो, कारण सुरुवातीला दर आठवड्याला काहीतरी नवे जमत असते आणि पुढे तेच अंतर महिन्यांचे होते. त्यासाठी पहिल्या महिन्यापासून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, एकाच विषयावर, काहीही न पाहता दोन मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण करून ठेवावे. विषय साधा असावा: काल दिवसभर काय केले. सहा महिन्यांनी पहिले आणि ताजे ध्वनिमुद्रण ऐकले की पुरावा हाती येतो.

आपल्या कामाचा विषय फ्रेंचमध्ये

पाठ्यपुस्तकातले पॅरिसचे कॅफे आणि मेट्रोचे तिकीट किती दिवस पुरणार? ज्या विषयाची माहिती आपल्याला मराठीत पक्की आहे, तो फ्रेंचमध्ये वाचणे हा उत्साह टिकवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण अर्धा अर्थ आधीच ठाऊक असतो आणि शब्द त्याला येऊन चिकटतात.

तासगाव, पलूस भागातल्या बागायतदाराचे उदाहरण घेऊ. डाऊनी या द्राक्षावरील बुरशीजन्य रोगावर तो जे बोर्डो मिश्रण फवारतो, ते नावानेच फ्रान्समधल्या बोर्दो शहराचे आहे. तेथील मेदोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांना चोरांनी हात लावू नये म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडत असत. नेमक्या त्याच वेली डाऊनीपासून वाचल्या, हे बोर्दोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक प्येर-मारी-अलेक्सी मियार्दे यांच्या लक्षात आले आणि त्यांनी १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. फ्रेंचमध्ये याला ‘बूयी बोर्दलेझ’ म्हणतात, डाऊनीला ‘मिल्द्यू’, मोरचूदाला ‘स्युल्फात द क्वीव्र’, चुन्याला ‘शो’ आणि छाटणीला ‘ताय’. फ्रेंच विकिपीडियावर या नावाचा लेख उघडला तर एक टक्का मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद हे प्रमाण ठाऊक असलेला माणूस शब्दकोश न उघडता बरेच काही वाचू शकेल. परिचारिकेने औषधांच्या वेष्टनावरील माहिती घ्यावी, आचाऱ्याने पाककृती, क्रिकेटऐवजी फुटबॉल पाहणाऱ्याने सामन्यांची वृत्ते. आठवड्यातून एकदा, एक परिच्छेद. त्यातले पाच शब्द अंकीत. एवढे पुरे.

बोलायला माणूस

टँडेमसारख्या अ‍ॅपवर भाषेच्या बदल्यात भाषा शिकवणारे लोक भेटतात, आयटॉकीवर तासाप्रमाणे पैसे घेणारे शिक्षक मिळतात. मोफत देवघेवीत पहिल्या ओळखीनंतर गप्पा आटतात असे बहुधा होते. म्हणून महिन्यातून दोन तास तरी शिक्षकाला पैसे द्यावेत. त्या तासाआधी आपण विषय ठरवून दहा वाक्ये लिहून पाठवावीत आणि चुका बोलताना नव्हे, शेवटी लिहून द्याव्यात अशी विनंती करावी.

सांगलीतच दोघे-तिघे शिकणारे सापडले तर रविवारी सकाळी आमराईत चकरा मारताना अर्धा तास फ्रेंच बोलण्याचा नेम ठेवावा. दोघांनाही कमीच येते म्हणून संकोच नको. अडलेला शब्द मराठीत बोलून टाकावा, पण तो मोबाइलवर टिपावा आणि पुढच्या रविवारी तो फ्रेंचमध्ये वापरल्याशिवाय सुटका नाही असे ठरवावे.

खंड पडणारच

गणपती, दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, ऑक्टोबरची फळछाटणी आणि एप्रिलची खरडछाटणी हे सगळे आपल्या पंचांगात आधीच लिहिलेले असते. त्या आठवड्यांसाठी पाऊण तासाऐवजी दहा मिनिटांचा किमान पाठ आधीच ठरवून ठेवावा: अंकीची उजळणी आणि एक जुनी ध्वनिफीत, नवे काही नाही. कृष्णेचे पाणी चढू लागले की पुस्तके माळ्यावर जातात आणि वीजही जाते. अशा दिवसांत फ्रेंच सुटले तर त्याचा हिशेब ठेवू नये. परत सुरू करताना जिथे थांबलो त्याच्या दोन धडे मागून सुरुवात करावी, म्हणजे पहिल्याच दिवशी अडखळणे टळते.

डेल्फची तारीख

एकट्याने शिकणाऱ्याला बाहेरची तारीख फार उपयोगी पडते. डेल्फ ही फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची प्रमाणपत्र परीक्षा ए-१ ते बी-२ अशा चार पातळ्यांची आहे, आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. आपल्याला सोयीचे केंद्र म्हणजे पुण्याची अलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था; तारखा आणि शुल्क तेथूनच पाहून घ्यावे. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० गुण आणि प्रत्येक भागात किमान ५ गुण लागतात. एका भागात अगदीच कच्चे राहून चालत नाही, आणि घरी शिकणाऱ्याचा तो भाग बहुधा बोलण्याचा असतो.

खालची पातळी दिल्याशिवाय वरची देता येत नाही असे नाही. पैसे आणि पुण्याची फेरी वाचवायची असेल तर ए-१ सोडून थेट ए-२ द्यावी. ज्याचा उत्साह लवकर ढळतो त्याने मात्र ए-१ जरूर द्यावी, कारण सहा-आठ महिन्यांत हाती आलेला कागद पुढच्या वर्षाची सोय करतो. नाव नोंदवल्यानंतरच्या शेवटच्या सहा आठवड्यांत नवे साधन अजिबात घेऊ नये. दर रविवारी घड्याळ लावून एक नमुना प्रश्नपत्रिका सोडवावी आणि ए-१ च्या बोलण्याच्या भागासाठी स्वतःची ओळख, प्रश्न विचारणे आणि दुकानातला संवाद हे तीनही प्रकार शिक्षकासमोर किमान दोनदा करून घ्यावेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी मिरजेहून रेल्वेने पुण्याला मुक्कामी जावे. वाटेत वही बंद ठेवून, आधी ऐकलेली बातमीपत्रेच पुन्हा ऐकावीत.